कोशिंबावरच्या टोपल्या

४ ऑगस्ट

पोचले एकदाची नाइफातूला! सोए शहराहून, गावातल्या नाहोरच्या मोटारसायकलवर मागे बसून आले. वाटेत असे हिसके बसले की पोटातल्या बाळाने आत्ताच मला शिव्या घातल्या असतील. नदीला घोटाभर पाणी, तरी नाहोरने मला उतरवून हात धरून पलीकडे नेलं. कूपांगमध्ये माझ्या सख्ख्या नवऱ्याने कधी एवढी काळजी घेतली नाही, असं मी म्हटलं तर बिचारा लाजला.

सरपंच, म्हणजे बापा सेफनात, पोट बघून तोंड वाकडं करतील अशी माझी खात्री होती. इतके दिवस शाळा शिक्षकावाचून पडलेली, आणि मिळाली ती बाई लवकरच रजेवर जाणार. पण इथे सगळं उलटंच. शिक्षण कचेरीतला कारकून हसत हसत म्हणालाच होता की हा सरपंच जगावेगळा आहे, बाई लग्न झालेली द्या, पोटुशी असेल तर फारच उत्तम, असा अर्ज करतो. मला थट्टा वाटली. आज अख्खं गाव माझ्या पोटाला हात लावून गेलं. ओमा देबोरा म्हणून एक म्हातारी आहे, गावातली सुईण. तिने विड्याचं तबक पुढे केलं. मी एक विडा उचलला तर म्हणे, लाजतेस काय गं, दोघी आहात, दोन घे. मुलगीच होणार हेही तिने परस्पर ठरवून टाकलं.

मक्याची खीर नारळाच्या दुधातली, वर पावट्याचे दाणे. तीनदा वाढून घेतली. इथे वर्षभर काढलं की कूपांगला कायमची नोकरी मिळेल, आणि नवऱ्याचा, मेल्कीचाही कालीमंतानच्या पामच्या मळ्यातला करार तोवर संपेल. वर्ष काय, हां हां म्हणता जातं.

१७ ऑगस्ट

स्वातंत्र्यदिनाचं झेंडावंदन झालं. पोरं लाल-पांढऱ्या गणवेशात, पायात चपला नाहीत, पण गाणं असं खणखणीत म्हणतात की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग मी शिक्षकांचा तो जुनाच प्रश्न विचारला, मोठेपणी कोण होणार? एकही पोर डॉक्टर, पोलीस, ड्रायव्हर काही म्हणेना. इथेच राहणार म्हणे. का रे बाबांनो? तर एक चिमुरडी उठून म्हणाली, बाई, बाहेर गेलं की माणूस वाळतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या, मी काय एवढंही माहीत नसल्यासारखं विचारते म्हणून.

ओमा देबोराची नात वेल्मी हुशार आहे. कूपांगला नर्सिंगला दोनदा प्रवेश मिळाला, दोनदा जाऊन परत आली. मी तिला चांगलं झापलं. घरची आठवण येऊन कुणी मरत नाही, म्हटलं. ती माझ्या पोटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, यंदा जाईन बाई, यंदा नक्की जमेल.

शाळेमागे मोठा कोशिंब आहे. त्याला ताडाच्या पानांच्या टोपल्या टांगलेल्या, फांदी न् फांदी वाकलेली. गावात जन्मलेल्या प्रत्येकाची वार त्यांत ठेवतात. माझी आमच्या आईने स्वयंपाकघरामागे पुरली होती आणि त्यावर मिरच्या लावल्या होत्या. ज्याची त्याची रीत. फक्त एक विचित्र वाटलं. काही टोपल्या म्हाताऱ्यांच्या, म्हणजे किती जुन्या असतील, पण सगळ्यांच्या तळाला ओल दिसते.

१२ सप्टेंबर

मलेशियाहून शवपेटी आली. ओमाच्या शेजारचा मुलगा, मळ्यात होता. कशाने गेला, तर कागदावर काहीच धड लिहिलेलं नाही. आई त्याची फार रडली नाही. दमला होता, आला घरी, एवढंच म्हणाली. झाडावरची त्याची टोपली काढून पेटीत ठेवली. ती तेवढी कोरडी ठणठणीत होती.

चर्चमागच्या दफनभूमीत बघितलं. बाहेरून आणून पुरलेली सगळी तरणीताठी. मळ्यावर माणसं मरतात हे वर्तमानपत्रात वाचतोच आपण. मेल्कीला टेकडीवर जाऊन फोन केला. तो खणखणीत आहे, तुला काय झालंय म्हणाला.

२० नोव्हेंबर

दिवस भरत आले. सोएच्या दवाखान्यात नाव घातलंय. पुढच्या आठवड्यात नाहोर नेऊन सोडणार, तिथे मावशीकडे राहीन. ओमाला सांगितलं तर हसली. जा की, म्हणाली, तुला कुणी बांधून ठेवलंय?

३० नोव्हेंबर

नाहोरची साखळी तुटली. मग पेट्रोल नाही. मग नाहोरच नाही, सासुरवाडीला गेला म्हणे. बापा सेफनात रोज सकाळी येऊन सांगतात, आज नाही बाई, उद्या नक्की. इतकं गोड बोलतात की भांडताही येत नाही.

९ डिसेंबर

मुलगी झाली. तेसा! ओमाच्या गोल झोपडीत, धुरात, पण सगळं सुखरूप. ओमाचे हात खरंच देवाने दिलेले आहेत. आता खाटेखाली निखारे आणि वर मी. शेक एवढा की पाठ भाजून निघते, पण सगळ्या बायका आळीपाळीने येऊन गरम पाणी, मक्याची पेज, अंगाला तेल, अगदी आईच्या मायेने करतात. वार कुठे पुरली विचारलं. पुरतात काय वेडे, म्हणाली ओमा. झाडावर आहे.

नाहोर बाळ बघायला आला. मोटारसायकलवरून.

२ जानेवारी

वेल्मी कूपांगला निघाली. निरोप घ्यायला आली आणि तेसाचे पाय धरून हुंदके देऊन रडली. मला क्षमा करा बाई, म्हणे. अगं, क्षमा कसली, अभ्यास कर नीट, म्हटलं. माझाही जीव लागला होता पोरीला.

१६ फेब्रुवारी

तेसाला टोचायला सोएला निघाले. नदीपर्यंत हसत होती. नदी ओलांडली आणि गप्प झाली. चढावर बघते तर ओठ निळे, अंग गार, मान लुळी. मी किंचाळले. नाहोरने काही न विचारता गाडी वळवली. नदी परत ओलांडली, आणि कार्टी अशी भोकाड पसरून दूध मागू लागली की काय सांगू.

वारा लागला असेल. पुढच्या वेळी नीट गुंडाळून नेईन.

३ मार्च

नीट गुंडाळून नेली. तसंच झालं. नदीपाशीच.

दवाखान्याच्या जीपमधून नर्स आली होती. तिने तपासलं. इतकं गुटगुटीत बाळ साऱ्या जिल्ह्यात नाही म्हणाली. मी तिला नदीचं सांगितलं तर माझ्याच डोळ्यांत बॅटरी मारून बघितलं.

वेल्मीने फोटो पाठवलाय. गाल वर आलेत तिचे.

४ मार्च

ओमाला फोटो दाखवला आणि हे काय आहे म्हणून विचारलं. वाटलं होतं, कानांवर हात ठेवेल. तिने भाजी निवडता निवडता सगळं सांगितलं. ज्याची वार झाडावर, तो झाडाचा. नदीपलीकडे तान्हं तिथल्या तिथे जातं, मोठं माणूस वर्ष-दोन वर्षं वाळत वाळत जातं. एक सोडवायचा तर एक नवा द्यावा लागतो. गावातलं पोर चालत नाही, ते झाडाचंच, त्याचं त्यालाच देऊन काय सुटणार? बाहेरून आलेल्या बाईचं लागतं. वेल्मी हुशार आहे, तिचं भलं व्हावं असं कुणाला वाटणार नाही?

मग माझं काय, मी ओरडले. तुलाही मार्ग आहे की, म्हणाली. ओळखीपाळखीत कुणी पोटुशी नाही का?

मी तिच्या तोंडावर थुंकले. तिने पदराने पुसलं आणि पुन्हा भाजी घेतली.

५ मार्च

भर दुपारी कोयता घेऊन कोशिंबाकडे गेले. मला वाटलं, गाव अडवेल. उलट बापा सेफनातांनी शिडी आणली आणि नाहोरने ती धरली. सगळ्यांनीच एकदा करून बघितलेलं असतं बाई, म्हणाले, सांभाळून चढा.

तेसाच्या टोपलीच्या दोरीला कोयता लावला. खाली ओमाच्या कडेवर तेसा होती. ती रडली नाही. नुसता तिच्या अंगरख्यावर बेंबीपाशी लाल डाग पडला आणि पसरत गेला. दोरीला मीच गाठ मारली. आणखी एक मारली. खाली उतरताना नाहोरने पुन्हा हात धरला.

१० एप्रिल

पाद्री आले, प्रार्थना केली, जेवले, गेले. मेल्कीला फोनवर सांगितलं. बाळंतवात झालाय तुला, म्हणाला, आईकडे जा. आईकडे जा! मला जायचंच आहे रे, मला दुसरं काय हवंय?

१ जून

बदलीचा हुकूम आला. कूपांग, कायमची नोकरी. बापा सेफनातांनी स्वतः आणून दिला आणि मान खाली घालून उभे राहिले. वाईट माणूस नाही तो. हेच तर सहन होत नाही. इथे कुणीच वाईट नाही.

हुकूम चुलीत घातला. एकटी जाऊ शकते मी. मला कुणी बांधलेलं नाही.

२२ जुलै

फीनाला दिवस गेलेत, सहावा संपत आला म्हणे. माझी धाकटी, मला उसी म्हणजे ताई म्हणणारी. तिचा नवरा बोटीवर असतो. फोनवर म्हणाली, उसी, कंटाळा येतो गं, बाळंतपणाला तुझ्याकडेच येऊ का? मी इतक्या जोरात नाही म्हणाले की ती रडायलाच लागली.

टेकडीवरून उतरताना तेसा माझ्या केसांशी खेळत होती. तिला दोन दात आलेत. तिने समुद्र बघितलेला नाही.

१४ ऑगस्ट

फीनाचा पुन्हा फोन. रागावलीस का, म्हणून. नाही गं बाई, म्हटलं. मग इकडची हवा कशी आहे विचारलं तिने.

चांगली आहे म्हटलं. हवा चांगलीच आहे. ते काही खोटं नाही.

५ सप्टेंबर

आली. नाहोरने नदीत हात धरून आणली. किती खूश आहे, वेडी. तिला थोडे दिवस ठेवून घेईन. नववा लागायच्या आत परत पाठवीन. शपथ. तेसाची शपथ नको. माझी.

८ ऑक्टोबर

नाहोरची साखळी तुटली.

मी त्याला काही बोलले नाही. त्याने माझ्याकडे बघितलं आणि मी दुसरीकडे—

१९ ऑक्टोबर

लसीकरणाची जीप आली आहे. आताच निघेल. फीनाला सकाळपासून कळा. पहिलटकरीण आहे, वेळ आहे अजून, सोए गाठता येईल. नर्स म्हणते, बाई, तुम्ही मोठी बहीण, नेऊ की राहू दे? फीना माझा हात धरून म्हणाली, उसी, मला भीती वाटते, तू सांगशील तसं.

मी म्हटलं, आलेच. तेसाला निजवून आलेच.

म्हणून इथे बसले आहे. मांडीवर ती. लिहिते आहे. हात थांबत नाही.

हॉर्न.

नुसतं दारातून ओरडायचं. घेऊन जा तिला. तीन शब्द. मला येतात ते—

ओमा दाराशी येऊन उभी आहे. अडवत नाही. अडवलं असतं तर—

पुन्हा हॉर्न. अंगणातून फीना हाक मारते आहे, उसी, उसी.

उठतेच. एवढी ओळ झाली की. तेसाचा डोळा लागलाय, बोट धरून ठेवलंय माझं, ते सोडवलं की लगेच—

इंजिन सुरू झालं. अजून फाटकाशीच आहे जीप. अजून ओरडलं तर ऐकू—

फीनाला न घेताच वळली. आता नदीकडे—

उठते, फीना, ही बघ, उठलेच, नुसतं हे बोट