बादलीतली गवार

मंगळवार, संध्याकाळ

देशात भाज्यांतून माणशी किती प्रथिनं मिळतात, हा माझा एम.एस्सी.चा प्रकल्प उद्या कॉलेजात मांडायचाय. आलेखाची रेघ वर्षागणिक चढत गेलीय. कौतुकानं आईला दाखवली. म्हटलं, "बघ, लोक आता आधीपेक्षा जास्त भाजी खातात."

आई रांजणगावला एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ताटं घासते. म्हणाली, "खात्यात? रोज ताटातली गवार बादलीभर निघती. ती बी धरली व्हय ह्यात?"

मी हसले. मग पुन्हा तपासलं. हा आकडा लोकांपर्यंत पोचलेल्या भाजीचा आहे, पोटात गेलेल्या भाजीचा नाही. म्हणजे ती बादली यात धरलेलीच आहे! आणि मी पहिल्याच पानावर 'खातात' लिहून बसले होते. मला हे का दिसलं नाही? सरांनी उद्या सगळ्यांसमोर नेमकं तेच विचारलं असतं. घरातली पहिली पदवीधर मी, आणि चूक धरली चौथी शिकलेल्या आईनं. लिहितानाही अभिमान वाटतोय.

वाक्य दुरुस्त केलं. आभाराच्या पानावर वाया जाणाऱ्या गवारीची गोष्ट लिहून आईचं, तिच्या कॅन्टीनचं आणि कंपनीचं नाव घातलं, वाचून दाखवलं.

"माझं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, "पर कंपनीचं काढ. मला उद्या कामावर जायचंय."