बकासुराला वन्स मोअर

२५ ऑगस्ट १९९७, सोमवार
आले बाई एकदाची सुरतेला! नाशिकची कॉम्प्युटर मास्तरीण बमरोलीच्या गणेश मंडळाचा देखावा चालवणार, हे ऐकून आईने कपाळाला हात लावला होता. मंडळाचे अध्यक्ष छगनभाऊ यांनी आज कारखान्याची रिकामी शेड दाखवली. भिंतीपलीकडे लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, चालतात, पण सोमवारी सुट्टी, म्हणून सगळं शांत. शेडमध्ये लूमच्याच मोटरी बसवलेला नऊ फुटी लोखंडी बकासुर उभा आहे. भीम मात्र जिवंत माणूस, धुळ्याकडचा लूम कामगार भिकन. इथल्या खानदेशी मंडळींना वन्स मोअरचं भारी वेड! म्हणून मी माईक लावून कॉम्प्युटरला शिकवणार आहे की टाळ्या पडल्या की बकासुराने पुन्हा वार करायचा.

१ सप्टेंबर, सोमवार
सुट्टीच्या दिवशीच तालीम. अगदी फक्कड झाली! बकासुर गदा हाणतो, भिकन वाकून चुकवतो, मंडळी टाळ्या पिटतात, गदा परत येते. भिकन घामाघूम होऊन म्हणाला, "ताई, हाऊ कधी थकस का नही?" मी म्हटलं, लोक थकले की थकेल. स्वतःवर जाम खूश आहे मी.

६ सप्टेंबर, गणेश चतुर्थी
पहिलाच खेळ. भिकनची बायको पार्वती पुढच्या रांगेत होती. मध्येच दुसरी पाळी सुरू झाली आणि पलीकडचे दोनशे लूम एकदम खडखडले. सगळ्या तालमी सुट्टीच्या दिवशी घेतल्या, मला हे सुचलंच नाही. बकासुराला त्या टाळ्याच वाटल्या. गदा थांबेना. आधी खांदा, मग डोकं. लोकांना अभिनय वाटला, त्यांनी खऱ्या टाळ्या दिल्या. मी वायर उपटली. तरी आणखी तीन वार. भिकनला चेहरा उरला नव्हता. मीच मारलं त्याला.

८ सप्टेंबर, सोमवार
उद्या पुन्हा लूम चालू होतील, म्हणून माईक फोडायला एकटीच आले. प्लग माझ्या हातात— तरी बकासुराची मान वळली. मी किंचाळले. गदा पायावर. पुन्हा किंचाळले. पुन्हा गदा. गुडघ्याखाली हाडांचा नुसता चुरा—

गप्प राहिलं की तोही थांबतो. ओढणी तोंडात कोंबलीय. ओरडता येत नाही म्हणून लिहितेय. गदा आता डोक्यावर उगारलेली—

बाहेर पावलं. छगनभाऊ. हर्षदाताई, हर्षदाताई अशा मला हाका मारतायत. गदा हलली. आता शटर वाजवतील. भाऊ, नका. शटर वाजवू न—