नानाचा माईक आणि माझा घसा

२३ नोव्हेंबर, धुळे
घसा: ठीक. सकाळी लवंग, गरम पाणी.
काल सोनगीरला सीझनचं पहिलं लग्न. बँडच्या गाडीवर उभी राहून दोन तास गायले आणि माझा आवाज म्हणे नवरदेवाच्या घोड्यापर्यंतसुद्धा पोचला नाही. वरात संपल्यावर बँडमालक नाना सगळ्या पोरांसमोर, ढोलवाल्यासमोर, बोलला: "उषा, तुना आवाज बसी गया."
मी म्हटलं, "नाना, आवाज नाही, तुमचा नवा माईक बसलाय."
"माईकले काय व्हयेल शे? भिकनना आवाज कसा खणखण ऐकू उना?"
भिकन, आमचा जाड्या आवाजाचा गायक, शेजारी उभा राहून दात काढत होता. एकोणीस वर्षं या माणसाच्या बँडमध्ये गातेय. एका लग्नात निकाल लावून मोकळा.

२५ नोव्हेंबर
घसा: ठीक.
माईकची कथा लिहूनच ठेवते, पुढे भांडायला उपयोगी. गणपतीनंतर नाना एकटाच जळगावला गेला. गाणाऱ्याला विचारलं नाही, सोबत नेलं नाही. दुकानात हातात धरून वजन पाहिलं, "हॅलो, हॅलो, एक-दोन-तीन" केलं आणि घेऊन आला. जड म्हणजे चांगला, हा हिशोब. भोपळा घ्यायला गेला होता की माईक? आणि परीक्षा कोणत्या आवाजात, तर स्वतःच्या! रेड्याला सर्दी झाली तर तसाच आवाज येईल.
दसऱ्याला बाकी वाद्यांबरोबर त्याची पूजा झाली. नानाची बायको माहेरी, म्हणून सवाशीण म्हणून मलाच बसवलं. नवी वस्तू, पहिला मान तिचा, म्हणून हळद-कुंकू हात न आखडता लावलं, नारळाचं पाणी शिंपडलं. आणि पहिल्याच लग्नात त्यानं मला तोंडघशी पाडलं. करावं तसं भरावं म्हणतात, ते माणसांपुरतंच असावं.

२७ नोव्हेंबर
आज ऑफिसात गेले. ऑफिस म्हणजे नानाच्या घराची पुढची खोली, भिंतीला टांगलेली वाद्यं. म्हटलं, "नाना, माझा माईक मी निवडते. गाऊन निवडते."
"माईक बँडना ऱ्हास. मालक ली."
म्हणजे घेणार मालकच. मग हळूच पुढचं काढलं. दोंडाईच्याची एक मुलगी आहे, वर्षा. ऑर्केस्ट्रात गायची. ५ डिसेंबरला शिरपूरच्या लग्नात तिला "पाहायचं" आहे. मी पण गायचं, ती पण गाणार. मग ठरवू.
एकोणीस वर्षांनी माझी परीक्षा. आणि पेपर तपासणार कोण, नाना!
घरी येऊन कढईवर राग काढला. भाजी करपली.

२८ नोव्हेंबर
घसा: ठीक. एसटीत खिडकी बंद ठेवली.
जळगावला गेले. माझ्या हिमतीवर, माझ्यासाठी. दुकानदारानं आधी गुलाबी पट्ट्याचा पुढे केला. "ताई, लेडीज सिंगर हाच घेतात, हलका आहे." मी म्हटलं, हलकं-जड राहू द्या, मागच्या स्पीकरवर ढोल लावा, मोठ्यानं. तो माझ्याकडे पाहतच राहिला. लावला.
सात माईक पाहिले. प्रत्येकात एकच वरची ओळ, तीनदा. गुलाबीवाला माझ्यापेक्षा ढोल जास्त ऐकत होता. एकात 'स' म्हटला की फटाका फुटायचा. एक छान होता, पण स्पीकरकडे पाठ केली की लगेच शिट्टी. शेवटी एक काळा, दिसायला अगदी दळभद्री. पण समोरचं ऐकतो आणि मागचं ऐकत नाही. असा पुरुष मला आजवर भेटला नाही, म्हणून घेतला.
दुकानदार म्हणाला, "जाळी मुठीत धरू नका, मग हाही शिट्टी मारेल." भिकन नेमकं तेच करतो. त्याला सांगणार नाही.

३० नोव्हेंबर
नानाला काळा माईक दाखवला. हसला. "तुना तू वापर. पोरगी बँडना माईकवर गाई. देखू."
देखू काय, मला पुरावाच हवा. त्याच्या माईकची वायर खरखरते असं सांगून तो दुरुस्तीला म्हणून मागून आणला. उद्या हनीफभाईंकडे नेते. धुळ्यातले निम्मे बँडवाले त्यांच्याकडे जातात, त्यांचा शब्द नाना मानतो. माईक भंगार आहे एवढं त्यांच्या तोंडून वदवून घ्यायचं.

१ डिसेंबर
लिहू की नको.
हनीफभाईंनी माईकची जाळी फिरवून काढली. आत स्पंज असतो. काळा असायला हवा. पिवळा, मधे लाल, आणि वाळून पापडासारखा कडक. नखानं टोकरला, वास घेतला. "ताई, ये क्या? हळद? माईकला आंघोळ घातली का कुणी?"
मी स्पंज उलटा करून पाहिला.
म्हणाले, "माईक तर एक नंबर आहे. बारीक आवाज इथं अडकतो, जाडा ढकलून निघून जातो. स्पंज धुतो, दोन तासात वाळेल."
म्हणजे आवाज बसला नव्हता. माईकही वाईट नव्हता. माझ्याच हातानं, भक्तिभावानं, हात न आखडता...
आणि नाना बरोबर होता. "माईकले काय व्हयेल शे?" काही नाही, नाना. मला सगळं सोसवतं, हे सोसवत नाही.
हनीफभाईंना म्हटलं, "राहू द्या. तसाच बसवा."
त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मर्जी आपकी." जाळी बसवून दिली.

५ डिसेंबर, शिरपूर
घसा: ठीक.
सकाळची वरात. जाताना गाडीत वर्षा माझ्याशेजारी. पंचवीसेक वर्षांची, डब्यात माझ्यासाठीही शेव-पोळी आणलेली. "अक्का, तुमनं गाणं मी लहानपनी ऐकेल शे, आमना गल्लीना लग्नमा." मला राग आला. लहानपणी म्हणे. मग ती सहज गुणगुणली. बिनमाईकची.
चांगला आवाज आहे. माझ्यापेक्षा वरची पट्टी, तीही न ताणता. लिहिताना हात जड होतोय, पण आहे.
आधी मी गायले, काळ्यावर. बायका गच्चीवरून वाकून पाहायला लागल्या. मग ती, नानाच्या माईकवर. पहिल्या ओळीलाच कळलं. कांबळ्याखालून गाते आहे असं. बिचारी आणखी जोर लावायला लागली, मान ताणली, शिरा दिसायला लागल्या. कुणीतरी ओरडलं, "भिकन, तूच गाय रे!"
माईक बदलून द्यायला मला दोन पावलं टाकायची होती. काळा माझ्या हातातच होता.
टाकली नाहीत.
नाना सगळ्यांसमोर: "इना आवाज बसेल शे. उषा, तूच ऱ्हा."
तेच शब्द. तोच ढोलवाला. या वेळी दात काढायला मीही होते.

६ डिसेंबर
मी जिंकले. भाजी चांगली झाली. जेवण गेलं नाही.
स्वतःशी भांडून झालं. कुणी सांगितलं होतं तिला यायला? माझी जागा घ्यायलाच आली होती ना? मी थोडंच बोलावलं? एवढं सगळं बरोबर असून मनातून तिच्या मानेच्या शिरा जात नाहीत. नीच आहेस उषा. हे लिहून ठेवते, नाहीतर चार दिवसांनी मीच मला शहाणी ठरवीन.

८ डिसेंबर
वर्षाचा फोन. नंबर नानाकडून घेतला म्हणे. इथल्या डॉक्टरांना दाखवायला धुळ्याला आली होती. डॉक्टर म्हणाले, घशाला काही नाही.
"मंग व्हस काय, अक्का? मन्हा आवाज खरंच बसेल शे का? तुम्हीन ऐकेल शे ना तठे. तुम्हीन सांगा. तुम्हीन सांगशात तर गाणं सोडी दिसू."
गाणं सोडायचं का, हे दुसऱ्या कुणाला विचारवलं नाही तिला. मलाच विचारते.
म्हटलं, पोळी करपतेय, नंतर करते. पोळी वगैरे काही नव्हतं.

९ डिसेंबर
सकाळी ऑफिसातून नानाचा माईक पुन्हा आणला. कारण तेच, वायर. जाळी मीच फिरवून काढली. स्पंज वाटीत भिजवला. पाणी पिवळं, मग आणखी पिवळं. पाच वेळा पाणी बदललं. आता खिडकीत वाळतोय.
दोन तासांनी बसवून नानाच्या हातात देता येईल. काही न बोलताही देता येईल. "वायर झाली" म्हणायचं. आवाज आपोआप सुधारेल, नाना म्हणेल मी सांगेल व्हतं ना, आणि कुणाला काही कळायचं नाही. फक्त दोंडाईच्याची एक मुलगी गायची थांबलेली असेल.
किंवा तिला बोलवायचं, नानासमोर उभं करायचं, याच माईकवर गाऊ द्यायचं आणि हळदीचं सगळं सांगायचं. मग नाना खरा, ती आत, मी...
मघापासून दोनदा तिचा फोन वाजून गेला. आता तिसऱ्यांदा वाजतोय.
घसा: ठीक. म्हणजे फोन न उचलायला तीही सबब नाही.