ताईच्या नावाचं एक वाक्य

१० फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

साहेबांनी कारखान्याची माहितीपुस्तिका माझ्या गळ्यात मारली आहे. ॲल्युमिनियमच्या भट्ट्यांतून उडणाऱ्या पांढऱ्या भुकटीवरून वस्तीत कुरकुर आहे. ती धातूचं फ्लोराइड, आणि फ्लोराइड तर टूथपेस्टमध्येही असतं. तुझ्यासारख्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एवढंच एक वाक्य लिहून खाली नाव घातलं, की लोक गप्प बसतील आणि माझी बढतीही मार्गी लागेल. नाही म्हणू नकोस.

लोभ आहेच, तो सहीपुरता वाढव.

धाकटा

१८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास, अ. आ.

तुझ्या पत्राने अन्नावरची वासना उडाली. शाळेत तुझं विज्ञान मीच घोटून घेतलं होतं, ते पालथ्या घड्यावर पाणी. पुन्हा सांगते. फ्लोरिन हे मूलद्रव्य, एकटं असलं की विषारी वायू. धातूशी त्याचा संयोग झाला की जे होतं ते संयुग, म्हणजे फ्लोराइड. पण कुठल्या धातूशी आणि मात्रा किती, यावर सगळं आहे. टूथपेस्टमध्ये ते नावापुरतं, आणि तेही चूळ भरून थुंकायचं. तुमच्या भट्टीतल्या भुकटीत सोडियम, ॲल्युमिनियम, फ्लोरिन तिन्ही. ती धूळ माणसं वर्षानुवर्षं छातीत ओढतात आणि त्यांची हाडं आखडून जातात. आडनाव एक म्हणून एका सुनेचे गुण तू दुसरीला चिकटवतोस. किळस आली मला. माझं नाव मिळणार नाही.

आशीर्वाद आहेत, पण हातचे राखून.

ताई

३ मार्च

ती. ताईस, सा. न.

रागावू नकोस. तुझं पत्र यायच्या आधीच मजकूर छापायला गेला होता. तू माझा शब्द कधी मोडत नाहीस, म्हणून नाव घालून टाकलं. साहेब खूश आहेत. आई तर येईल त्याला दाखवते. राईचा पर्वत करू नकोस, असली पुस्तकं वाचतं कोण?

राग गिळ, लोभ ठेव.

धाकटा

२६ मार्च

चि. धाकट्यास,

कोण वाचतं ते सांगते. आज सकाळी तुमच्याच भट्टीवरचा एक कामगार आला. हिरड्या सोलवटलेल्या, ओठांच्या आत पांढरे चट्टे, बोट लावलं की रक्त. तोंडाला असा वास, की माझी मदतनीस खिडकीशी जाऊन उभी राहिली. दाताला काय लावता विचारलं, तर त्याने खिशातून डबी काढली. भट्टीजवळून झाडून आणलेली भुकटी. महिनाभर घरातली सगळी तिनेच दात घासतात. तुम्हीच पुस्तकात लिहिलंय ना बाई, म्हणाला. आणि मग विचारलं, आम्ही कमी तर लावत नव्हतो?

मला तुझी शिसारी येते. ते वाक्य माझं नाही, माझ्या भावाचं आहे, असं मी साहेबांना आणि वर्तमानपत्राला कळवलं आहे. तुझी नोकरी राहणार नाही, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

आशीर्वाद या खेपेला लिहवत नाही. त्या कामगाराची बायको आणि दोन्ही मुली बाहेर बाकावर येऊन बसल्या आहेत. आता त्यांची तोंडं बघायची आहेत.

ताई