दाराचा फोटो काढणारा माणूस

प्रिय योगिता,

फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस आणि मी तुला. म्हणून लिहायला बसले. चौथीनंतर एवढं कधी लिहिलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नको आणि मधेच सोडू नको. शेवटपर्यंत वाच. लिहून झालं की पानांचे फोटो काढून पाठवते, साड्यांचं काम देणाऱ्या सेठला साड्यांचे पाठवते तसे. तुझ्या भावाला, ललितला, हात लावू देणार नाही.

तुझे सतरा दिवस राहिलेत. देव्हाऱ्याशेजारच्या कॅलेंडरवर रोज एक फुली मारते. तुझ्या पहिल्या कंपनीचं बाहेरची माणसं ठेवायचं लायसन तिकडच्या सरकारने काढून घेतलं, तेव्हा तू म्हणालीस, घाबरू नको आई, साठ दिवस देतात, तेवढ्यात दुसरा स्पॉन्सर शोधायचा, नाहीतर देश सोडायचा. मला तेव्हा स्पॉन्सर म्हणजे काय तेच कळलं नव्हतं. नंतर तुझ्या बाबांना मीच समजावलं की आपल्या इथे पांडेसऱ्यात खोली घ्यायची तर मधे एक ओळखीचा माणूस लागतो ना, तो म्हणतो ही माणसं माझ्या खात्रीची, तसं तिकडे कंपनीने सरकारला सांगायचं असतं की ही पोरगी माझी. कंपनी हटली की पोरगी उघडी. चूक कंपनीची आणि सामान बांधायचं तू. असला कसला कायदा ते मला अजून कळत नाही.

तू नशिबाची, असं वाटलं मला. पंधरा दिवसांत दुसरी कंपनी मिळाली, म्हाताऱ्या माणसांच्या पेन्शनचा हिशेब ठेवणारी. तुझा फोन आला तेव्हा मी धागे कापत होते, मांडीवर सेठच्या साड्यांचा ढीग, आणि तू एवढं भरभर बोलत होतीस की मला फक्त तुझं हसणं ऐकू आलं. म्हणालीस, आता एक छोटी तपासणी तेवढी राहिली, जुन्या कामाची. ती झाली की स्पॉन्सरचा कागद येईल.

आणि मग तो दुसरा फोन. आधी तू रडत नव्हतीस. आवाज कोरडा होता तुझा. म्हणालीस, आई, ते म्हणतात मी खोटं लिहिलं, भेस्तानला प्रवीणभाईंकडे मी तीन वर्षं कामाला नव्हतेच. मग रडलीस. अशी रडलीस की बाबा खाटेवरून उठून आले. तू म्हणालीस, हे प्रवीणभाईंचंच काम, मी अर्ध्यातून सोडून गेले त्याचा राग काढला, चौकशी आली तेव्हा काहीतरी उलटं बोलले. मी काही बोलले नाही. तू ललितला फोन केलास. ललित इच्छापोरहून ड्युटी सोडून तडक भेस्तानला गेला आणि गिऱ्हाइकांसमोर त्या माणसाला नको ते बोलून आला. मला येऊन ऐटीत सांगितलं, कसा गप्प बसवला म्हणून. मी त्याला चहा दिला. तेव्हाही काही बोलले नाही.

प्रवीणभाईच्या ऑफिसात तू कशी बसायला लागलीस ते तुला आठवत असेल, पण मला वेगळं आठवतं. बाबांचा पीएफ अडकला होता. डाइंग मिलने एका कागदावर राघो लिहिलं, दुसऱ्यावर रघुनाथ, आणि पीएफच्या ऑफिसवाले म्हणत होते ही दोन माणसं आहेत. बाबा चार चकरा मारून आले आणि खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडले. सत्तावीस वर्षं रंगाच्या वाफेत काढली आणि माणूस एक की दोन तेच ठरेना. तू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतीस. बाबांचा हात धरून प्रवीणभाईच्या दुकानात गेलीस, त्याच्या टेबलावरचा फॉर्म ओढून घेतलास आणि म्हणालीस, मी भरते, तुम्ही नुसतं बघा. विमा-पेन्शनची कामं करणारा तो माणूस, त्याने बघितलं आणि दुसऱ्या दिवसापासून तुला खुर्ची दिली. मग आपली सगळी गल्ली तुझ्याकडे यायची. सुमनचा नवरा गेला, तिची पेन्शन तू चालू करून दिलीस, तर ती दर गुरुवारी भरताची वांगी दाराशी ठेवून जायची. तू खायची नाहीस. मीच खायचे.

मला सहीही तूच शिकवलीस. बँकेत अंगठा देते म्हणून तुला लाज वाटायची. मी म्हणायचे मराठीत करते की, तू म्हणायचीस नाही, इंग्रजीतच कर. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा घेतलास आणि म्हणालीस, आधी दोन डोंगर काढ, मग एक गोळा आणि त्याला शेपूट. महिनाभर मी तेच काढत बसले. मंगला एवढंच लिहायला महिना. आता डोळे मिटून येते.

आता तुला माहीत नसलेली गोष्ट लिहिते. रागावू नको असं म्हणत नाही, रागावच.

तू गेलीस तेव्हा समाजात मी सांगितलं की पोरगी शिकायला गेली आहे. नोकरीला एकटी गेली म्हटलं तर आपल्या लोकांची तोंडं कशी चालतात तुला ठाऊक आहे. शिकायला म्हटलं की मान राहतो. स्थळं जुळवणाऱ्या मालतीबाईंना तेच सांगितलं, वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवर तेच लिहून घेतलं. कोणी भेस्तानचं विचारलं तर म्हणायचे, छे, नोकरी कसली, दोन तास कॉम्प्युटर शिकायला जायची, पगार-बिगार काही नाही. शिरपूरकडच्या लोकांना आधीपासून नोकरी करणारी सून नको असते, म्हणून. एवढ्या वेळा बोलले की मलाच ते खरं वाटायला लागलं होतं.

महिन्यापूर्वी मालतीबाई आल्या. शिरपूरचं स्थळ आहे, मुलगा बँकेत आहे, ते लोक आधी कोणाला तरी गुपचूप पाठवतील, म्हणाल्या. अनोळखी माणूस येईल, इकडचं तिकडचं विचारेल, तुम्ही ओळख दाखवू नका. आपल्यात ही रीतच आहे. तुझ्या आत्याच्या वेळी तर भांडी विकणारा बनून आला होता एक जण. मी तुला विचारलं नाही. तुझ्या डोक्याला तिकडे एवढा ताप, त्यात हे कुठे, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे तू नाही म्हणाली असतीस.

तो मंगळवारी आला. सडपातळ, पाठीला बॅग, हिंदी बोलणारा. दारातून म्हणाला, आंटी, योगिता का घर यही है ना. मी मनात म्हटलं, आला शिरपूरचा. त्याला खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला, चिवडा काढला. तो संकोचला, म्हणाला, आंटी, हमको कोई चाय नहीं पिलाता. मी म्हटलं, आमच्यात पिल्याशिवाय जाऊ देत नाहीत. मग त्याने विचारलं, किती वर्षांपासून राहता, मुलगी किती शिकली, इथे असताना कुठे कामाला होती का. मी धडाधड सांगितलं. कामाला? नाही हो. भेस्तानला शिकायला जायची, घर सांभाळून. पगार नाही. तिकडेही शिकायलाच गेली आहे. तो फोनमध्ये लिहीत होता. एकदा थांबून म्हणाला, आंटी पक्का? मी म्हटलं, माझी पोरगी, मला माहीत नाही का.

उठताना त्याने आपल्या दाराचा फोटो काढला. घराच्या नंबराचा काढला. मग बॅगेतून कागद काढला आणि सही मागितली. मी केली. दोन डोंगर, गोळा, शेपूट.

पाच दिवसांनी तुझा तो कोरड्या आवाजातला फोन आला.

त्यानंतर अकरा दिवस मी जेवले ते कसं जेवले ते माझं मला माहीत. साड्यांमधून धागा कापायच्या जागी दोनदा कापड कापलं, सेठ ओरडला. तुझा फोन वाजला की बाबांकडे द्यायचे. ते रोज संध्याकाळी विचारतात ते आजही विचारलं, पोर कव्हय येई वं, कधी येणार म्हणून. आधी मी खेकसायचे त्यांच्यावर. आता खेकसता येत नाही.

काल सकाळी रिक्षा करून भेस्तानला गेले. प्रवीणभाईने मला बघितलं आणि समोरच्या माणसाला बाहेर बसायला सांगितलं. मी उभ्यानेच सगळं बोलले, जसं तुला लिहिते आहे तसं. तो म्हणाला, मावशी, तुमचा मुलगा मला जे बोलला ते माझ्या बायकोने ऐकलं, ती मागच्या खोलीत होती. मी म्हटलं, माझ्या पायातली काढून मारा. त्याने मान हलवली आणि कपाटातून पगाराचं रजिस्टर काढलं. छत्तीस महिने, छत्तीस ठिकाणी तुझी सही. पहिल्या पानावरची वाकडी, पुढे पुढे झोकदार. त्याने सगळ्या पानांचे फोटो काढले, तुला मेलवर पाठवलेत, बघ. मला म्हणाला, त्या तपासणीवाल्यांनी मला फोन केलाच नव्हता. तुमच्याकडूनच पक्कं झालं म्हणून माझ्यापर्यंत आलेच नसतील. आणि आता मी कितीही बोललो तरी मुलीच्या आईचा सहीचा कागद आहे त्यांच्याकडे. तो तुम्हीच खोडा.

म्हणून दोन कागद केलेत. एक कंपनीसाठी, प्रवीणभाईने इंग्रजीत लिहिला, मला दोनदा वाचून समजावला. त्यात आहे की लग्नाच्या चौकशीला माणूस आला असं समजून मी चुकीचं सांगितलं, गैरसमज झाला, मुलीने तीन वर्षं पगारावर काम केलं. तो उद्या तिकडे ऑफिस उघडलं की आधी पाठव, मग फोन कर, त्या माणसांना पुन्हा तपासायला लाव, सतरा दिवसांत ऐकतील की नाही मला माहीत नाही, पण पाठव. ललितला मी सांगते, त्याला प्रवीणभाईच्या बायकोसमोर उभा करते. दुसरा कागद हा, तुझा. कंपनीच्या कागदावर गैरसमज लिहिलंय ते चहा संपेपर्यंत खरं होतं. दाराचा फोटो काढला तेव्हाच मी चरकले होते, शिरपूरचे लोक दाराचा फोटो कशाला काढतील. सही मागितली तेव्हा मी विचारलं, हे कशासाठी. तो म्हणाला, आंटी, विदेश की कंपनी के लिए, नौकरी का है. मला कळलं, योगिता. तो पेन धरून उभा होता आणि मला बोलायचं होतं की थांब, सगळं खोड, पुन्हा लिही. आत बाबा खोकत होते. माझ्या मनात आलं, नाही मिळाली ही नोकरी तर पोरगी घरी येईल. चार वर्षांत तुला घरी ये असं मी एकदाही म्हटलं नाही, आम्ही बरे आहोत, तू तुझं बघ, हेच म्हणत आले. त्या दिवशीही म्हटलं नाही. सही केली. हे तुला कळल्याशिवाय तो कंपनीचा कागद तुझ्या हातात द्यायचा नाही, एवढ्यासाठी हे लिहिलं. आता तू प्रवीणभाईला दोष देऊ नको आणि नशिबालाही नको. काम झालं तर तिकडेच राहा, पोरीला येऊ दे म्हणून मी कुठल्याच देवाला सांगणार नाही. नाही झालं आणि यावं लागलं, तर स्टेशनवर मी येणार नाही, बाबांना पाठवते. माझ्याशी कधी बोलायचं ते तू ठरव.

तुझीच, तू शिकवलेली सही करणारी,
आई

(खाली इंग्रजीत सही केली आहे. त्या माणसाच्या कागदावर आहे तशीच. जुळवून बघ.)