गाड्या धुण्याची शिक्षा

तीर्थरूप आईस,
लेकीचा लांबूनच वाकून नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात, की अजून उशीखाली लपवतात?

सध्या अग्निशमन केंद्रातल्या सगळ्या गाड्या मीच धुते. शिक्षा आहे, पण घाबरू नकोस, आधी कारण ऐक. गेल्या आठवड्यात अपघातातल्या गाडीचा पत्रा कापून आम्ही एका बाईंना बाहेर काढलं. त्या वाचल्या नाहीत. शेवटपर्यंत त्यांचा हात आमच्या ड्रायव्हरकाकांनी धरला होता. केंद्रावर परतल्यावर काका हमसून हमसून रडले.

दुसऱ्या दिवशी हजेरीला साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांची नक्कल केली. "काकांना बाटलीने दूध पाजा रे!" सगळे खिदळले. काका स्वतःच्या बुटांकडे बघत राहिले.

माझ्या तोंडून निघूनच गेलं, "साहेब, माणूस गेल्यावर माणूसच रडणार. यात हसण्यासारखं काय आहे?"

साहेबांनी माझ्या हातात ब्रश दिला. "फार तोंड चालतं ना? आता हात चालव."

चालवते आहे. काल काका आले आणि पाण्याचा पाइप धरून उभे राहिले. बाकीचे अजून माझ्याशी बोलत नाहीत. एकटीला घास उतरत नाही, पण उतरवते.

तू म्हणशील, बदली मागून घे. नाही मागणार. उद्या इथे कुणाला रडू आलं, तर नक्कल करण्याआधी साहेबांना एकदा माझ्याकडे बघावं लागेल.

तुझ्याच वळणावर गेलेली,
तुझी धाकटी