उस्तादांची तुपाची डबी

नाशिक, गुरुवार संध्याकाळ, वैशाख १९३६

यमुना आज रविवार कारंजाच्या चौकात नवरदेवाची मिरवणूक बघायला उभी होती. घरी आल्यावर म्हणाली, "अहो, तुमचा हॉर्न काही वेगळा ऐकूच आला नाही." एरवी मी चिडलो असतो. आज हसलो. का, ते तिला कळेना.

बँडमधलं माझं कामच ते. उस्ताद धून सुरू करतात, मध्येच ओठांवरून हॉर्न काढतात, आणि पुढचं मी उचलतो. मांडवाच्या दारात त्यांना एकट्याने वाजवायचं असतं, तोवर त्यांचे ओठ दमायला नकोत. लोकांना बदल कळला, तर चूक माझी. पाच वर्षं हेच. कंटाळलो होतो का? हो, थोडा.

आज वाजवून झाल्यावर उस्तादांनी नेहमीसारखी तुपाची डबी काढली, ओठांना तूप चोळलं. मग डबी माझ्या हातात ठेवली. म्हणाले, "कारंजावर तू कधी उचललंस, मलासुद्धा नाही कळलं. उद्या दारात तू वाजव. रस्ताभर मी सांभाळतो."

यमुनाने चहा आणून ठेवलाय. विचारते, पीत का नाही? तिला काय सांगू, ओठांना तूप लावलंय.